चातुर्मासाचा नेम आणि भयकथांचें वाचन

आषाढी एकादशीस चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीस तो संपतो. या चार महिन्यांत कांहीं तरी नेम धरावा, ही महाराष्ट्रांतील घराघरांतून चालत आलेली जुनी रीत आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, तर कोणी वाचनाचा नेम धरतो. 'पांडवप्रताप', 'हरिविजय' किंवा 'भक्तिविजय' यांपैकीं एक पोथी काढावी, रोज एक अध्याय मोठ्यानें वाचावा, शेजारच्या मंडळींनीं ऐकावयास यावें आणि कार्तिकांत समाप्ति करावी, असा हा क्रम असे. हल्लीं इंग्रजी मुलुखांत शरद ऋतु आला कीं भुताखेतांच्या व अद्भुत कादंबऱ्या ठराविक मुदतींत, ठराविक संख्येनें वाचून संपविण्याची पैज घेतात. तिचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु ऋतु धरून ग्रंथ तडीस नेण्याची कल्पना मराठी घरास मुळींच अपरिचित नाहीं.

पावसाळा आणि भयकथा यांची सोयरीक युरोपांतहि जुनी आहे. १८१५ च्या एप्रिलांत जावा बेटाच्या पूर्वेस तंबोरा नांवाच्या ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला, आणि त्याच्या धुळीनें व वायूंनीं सूर्यप्रकाश अडल्यामुळें पुढच्या वर्षीं युरोपांत उन्हाळा असा झालाच नाहीं. १८१६ च्या त्या पावसाळी दिवसांत लॉर्ड बायरन, कवि शेली आणि त्यांची मंडळी जिनीव्हाच्या सरोवराकांठीं घरांत अडकून पडली होती. जर्मन पिशाच्चकथांचें फ्रेंच भाषांतर वाचून झाल्यावर प्रत्येकानें तसली एक कथा रचावी, असें बायरननें सुचविलें. त्या पैजेंतून अठरा वर्षांच्या मेरीनें 'फ्रँकेन्स्टाइन' लिहावयास घेतलें, आणि १८१८ सालीं तें पुस्तक प्रसिद्ध झालें. भुताच्या गोष्टी वाचणें म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मराठी पोथ्यांतहि अद्भुताचें उणें नाहीं. राक्षस नाना रूपें घेतात आणि बाणांतून अग्नि बरसतो. खानदेशांत तर अशा कथांना गांवांचीं नांवेंच चिकटलेलीं आहेत. जळगांव जिल्ह्यांतील एरंडोल हीच महाभारतांतील एकचक्रा नगरी, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानांत भीमानें बकासुराचा वध केला, अशी परंपरागत समजूत आहे. त्यामुळें एरंडोलच्या मुलास बकासुर परका वाटत नाहीं. तो त्याच्याच तालुक्यांतला असतो!

छापील मराठी कादंबरी आली तीहि याच वाटेनें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं व 'रत्नप्रभा' १८६६ सालीं निघाली. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. या सर्व अद्भुतरम्य कथा होत. जळगांवचें वाचनालय, जें पुढें वल्लभदास वालजी यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, तें १८७७ सालीं स्थापन झालें, तेव्हां मराठी कादंबरीचा हाच रंग होता. १८८५ सालीं हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिति' आली आणि सुशिक्षितांची अभिरुचि वास्तवाकडे वळली. तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर अद्भुत कथेस दिवाणखान्यांतून उठवून माजघरांत बसविण्यांत आलें.

तथापि सर्वच विद्वानांनीं तिच्याकडे पाठ फिरविली असें नव्हे. १९०२ सालीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं 'कादंबरी' हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रकारांची चिकित्सा केली. जुन्या कागदपत्रांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेचलें आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास ज्यांनीं देह ठेविला, त्या संशोधकास कादंबरीचा विचार करण्यांत कमीपणा वाटला नाहीं. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यास आहे.

पुढें नाथमाधवांच्या 'वीरधवल' कादंबरीनें अद्भुताची गोडी पुन्हां लाविली. नाथमाधव हे तरुणपणीं शिकारीस गेले असतां सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले व कमरेखालीं पंगु झाले. अंथरुणाला खिळल्या स्थितींत त्यांनीं वाचन केलें आणि त्या वाचनांतून ते लेखक झाले. त्यांच्यामागून नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं मराठींत भयकादंबरी रुजविली, आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं गूढकथेस साहित्यांत मानाचें पान मिळवून दिलें. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकानें दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तिच्यांतूनच 'नवल' व 'धनंजय' यांसारखे अंक गूढ आणि भयकथांसाठीं प्रसिद्धीस आले. चातुर्मास पोथीचा आणि त्याचा शेवट दिवाळी अंकांचा, अशी ही वाचनाची जोडणी मराठी घरांत आपोआपच झाली आहे.

यावर सुज्ञ आईबापांचा एक आक्षेप असतो, आणि तो उपेक्षणीय नाहीं. भुतांच्या गोष्टींनीं मुलें भित्रीं होतील, अंधश्रद्धेस खतपाणी मिळेल, असें त्यांचें म्हणणें आहे. ज्या राज्यास २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथें ही काळजी वाजवी आहे. तिचें उत्तर देण्यास भारतांतील सर्वांत प्रसिद्ध पिशाच्चकथाच उपयोगी पडते.

अजिंठ्याचे डोंगर ओलांडून खानदेशांतून दक्षिणेस उतरलें कीं गोदावरीकांठीं पैठण लागतें. तेथील सातवाहन राजाच्या पदरीं गुणाढ्य होता व त्यानें पैशाची भाषेंत 'बृहत्कथा' रचली, अशी आख्यायिका आहे. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु त्याच्या आधारें अकराव्या शतकांत सोमदेवानें काश्मीरांत 'कथासरित्सागर' लिहिला, आणि त्यांत वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजा स्मशानांतून प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतांतला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटीं प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहील, तर त्याचें मस्तक फुटेल! म्हणजे हें भूत राजाला पळावयास लावीत नाहीं, विचार करावयास लावतें. शेवटीं उलगडा होतो तो असा कीं, ज्या भिक्षूच्या शब्दावर राजानें ही कामगिरी पत्करली तोच घातकी, आणि ज्याची भीति वाटावी तो वेताळच हितकर्ता. वेषावरून विश्वास ठेवूं नये आणि वेषावरून संशयहि घेऊं नये. आधीं ऐकावें, पारखावें, मग निवाडा करावा, एवढें शहाणपण राजा त्या स्मशानांतून घेऊन येतो.

हें शहाणपण न शिकल्यास काय होतें, तें धुळें जिल्ह्यानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्यापूर्वींच मोबाइलवरून गांवोगांव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें आले; त्यांच्यावर संशय घेण्यांत आला, ग्रामपंचायतीच्या खोलींत त्यांना कोंडण्यांत आलें आणि जमावानें त्यांना मारून टाकलें. ते निरपराध होते. त्या दिवशीं कोणाच्या हातांत भुताची कादंबरी नव्हती. भीति मात्र होती, आणि तिला प्रश्न विचारणारा त्या गर्दींत कोणी निघाला नाहीं. कादंबरींतील भयाचा कर्ता कोण तें मुखपृष्ठावर छापलेलें असतें. अफवेचा कर्ता सांपडत नाहीं. हा भेद मुलांना लहानपणींच कळला पाहिजे, आणि तो समजावून देण्यास भयकथेसारखें दुसरें साधन क्वचितच मिळेल.

म्हणून जळगांव-धुळ्याच्या घरांनीं येत्या चातुर्मासांत हा नेम करून पाहावा. श्रावणांत 'वेताळपंचविशी' घ्यावी. कानबाईच्या उत्सवांत दोन दिवस खंड पडला तरी चालेल. भाद्रपदांत 'मंजुघोषा' किंवा 'मुक्तामाला' वाचनालयांतून मिळवावी. आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यांत 'वीरधवल', दुसऱ्यांत धारप वा मतकरी यांचें एखादें पुस्तक, आणि दिवाळीनंतर समाप्तीस दिवाळी अंक. एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं ऐकावें. लहान मुलास धाक वाटूं लागला तर त्याला जवळ घेऊन बसावें, पण गोष्ट अर्ध्यावर टाकूं नये. शेवटाला नेलेली भीति निवते, अर्धवट राहिलेली मुलाच्या उशाशीं बसते. वाचून झाल्यावर मुलांना रोज तीन प्रश्न विचारावे: हें कोणी पाहिलें? कोणी सांगितलें? तें खरें कीं खोटें, तें कसें ठरवावें?

कार्तिकी एकादशीस पुस्तकें वाचनालयांत परत जातील. हे तीन प्रश्न मात्र मुलांपाशीं राहतील, आणि एखाद्या अनोळखी माणसाविषयींचा भलताच निरोप घरांतल्या मोबाइलवर येईल, तेव्हां तो पुढें धाडण्यापूर्वीं कदाचित् घरांतलें धाकटें मूलच ते मोठ्यांना विचारील.