मेंदूतील गाठ : डोळ्यांना दिसणारी आणि सूक्ष्मदर्शकाखालची

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरने गाठीवर बोलावे, हे थोडे विचित्रच. पण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाही एक मजकूर आहे आणि आपल्या घरांत तो बहुधा घाईने वाचला जातो. तो घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, साधी की कॅन्सरची?’ मेंदूच्या बाबतीत एवढे विचारून भागत नाही. गाठीला कड आहे का, हेही विचारावे लागते.

मेनिंजिओमा घ्या. हे नाव हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. ही गाठ मेंदूची नव्हेच, मेंदूवरच्या आवरणातून ती उठते. ऑपरेशनच्या वेळी गोलसर, रबरासारखी घट्ट लागते. बहुधा ती मेंदूत शिरत नाही, त्याला बाजूला ढकलते. काढल्यावर मागे वाटीसारखा खळगा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी भोवऱ्यासारख्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या दिसतात आणि मधूनमधून चुन्याचे बारीक गोल कण, कांद्यासारखे थरावर थर. पॅथॉलॉजीला उपमा स्वयंपाकघरातल्याच सुचतात, त्यामुळे जैन विद्यार्थ्याची मोठी पंचाईत! ऑलिगोडेंड्रोग्लिओमाच्या पेशी ‘हाफ-फ्राय अंड्यासारख्या’, असे पुस्तकात लिहिलेले. ते अंडे पाहायला मला कॅन्टीनच्या दारात उभे राहावे लागले. गंमत अशी, की त्या पेशीभोवतीचे पांढरे वलय फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यामुळे उमटते. ताज्या ऊतीत ते नसते.

आता दुसरे टोक : ग्लिओब्लास्टोमा. कापून पाहिली तर एकाच गाठीत तीन-चार रंग. मधोमध मेलेल्या ऊतीचा पिवळट भाग, कुठे रक्तस्रावाचे लाल-तपकिरी डाग, कडेला करडा-गुलाबी पट्टा. कधी ती दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पुलावरून पलीकडे जाते आणि फुलपाखराचा आकार घेते. काचपट्टीवर मृत भागाभोवती पेशी कुंपणासारख्या दाटीने उभ्या असतात, रक्तवाहिन्यांचे गुच्छ झालेले असतात.

पण खरी गोष्ट त्या पट्ट्याच्या बाहेर आहे. तिथला मेंदू डोळ्यांना निरोगी दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकेकटी पेशी तंतूंच्या, रक्तवाहिन्यांच्या वाटेने पुढे निघालेली सापडते. हान्स योआखिम शेरर यांनी १९३८ मध्ये या वाटा नोंदवून ठेवल्या. त्याच्या दहा वर्षे आधी वॉल्टर डँडी यांनी अशा काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढून पाहिला होता. तरी रोग परतला. नकाशावरची रेघ वेगळी आणि माणसांची वस्ती वेगळी, हे आपल्या सीमाभागातल्या लोकांना मी काय सांगणार? एमआरआयवर चमकणारी कडही तशीच रेघ आहे. म्हणून ‘सगळी काढली म्हणाले होते, मग परत आली कशी?’ असे सर्जनवर चिडण्याआधी एवढे ध्यानात घ्या. त्यांनी दिसली तेवढी काढली. न दिसणाऱ्या पेशींसाठीच पुढे रेडिएशन आणि औषधे असतात.

कड असली म्हणजे साधी, असेही नाही. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगातून मेंदूत आलेल्या गाठी गोल, रेखीव असतात. उलट, साधी गाठही कवटीच्या बंद पेटीत दृष्टी घालवू शकते, जीवही.

रिपोर्टात ‘ग्रेड’ असते, घरी येईपर्यंत तिची ‘स्टेज’ होते. स्टेज म्हणजे रोग किती पसरला. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव, १ ते ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर अनेक गाठींची ओळख जनुके पाहिल्याशिवाय पुरी होत नाही.

मी होमिओपॅथ आहे, म्हणून हे मीच सांगितलेले बरे. माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी यांतली एकही गाठ विरघळत नाही. ‘ऑपरेशन टळेल असे काही द्या’ म्हणणाऱ्याला मी गोळ्या न देता न्यूरोसर्जनकडे चिठ्ठी देतो. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, किंवा पहाटे डोके दुखून उलटी होऊ लागली, तर स्कॅन आधी. सुई लागली की गाठ अंगभर पसरते, ही भीतीही सोडा. मेंदूत उगम पावलेला कर्करोग मेंदूबाहेर क्वचितच जातो.

आणि ऑपरेशननंतरचे एक काम. रिपोर्ट फाईलमध्ये असतोच, पण ऊतीचा मेणात बसवलेला ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, प्रयोगशाळेत असतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल किंवा जनुकांची तपासणी राहिली असेल, तर काचपट्ट्या आणि तो ठोकळा लेखी अर्ज देऊन मागून घ्या.