पाळण्यातले पाय

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आम्ही या मांडवात खाली बसून ऐकतो. यंदा माईक आमच्या हाती दिला गेला, कारण पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडलं ते जोयड्यातल्या कुठल्याही घरी घडू शकतं. तेव्हा आम्हाला जे माहीत नव्हतं ते आपल्याला आधीच ठाऊक असावं, एवढीच इच्छा आहे.

आमची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. बाहेर धो-धो पाऊस. आधी जोयडा, मग दांडेली, तिथून हुबळी. नातू जन्मला तेव्हा वजन तेराशे ग्रॅम. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं मानतात. बत्तीसच्या आतलं असेल तर फारच लवकर आलेलं. पाच आठवडे तो काचेच्या पेटीत आणि आईच्या उघड्या छातीशी होता. बाळाला असं कातडीला कातडी लावून धरण्याची ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. ती वडिलांना जमते, आजीलाही जमते. आम्ही पाळीपाळीने केली.

बाळ वाचलं, घरी आलं. इथेच आमची चूक झाली. वाचलं म्हणजे संपलं, असं आम्ही धरलं. कागदावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा होत्या. पण रस्ता लांबचा, खर्च झालेला, पाऊस थांबेना. बाळ बाळसं धरत होतं. जो तो सांगे, सातमाशी मुलं चिवट असतात, आठव्यातली मात्र जगत नाहीत. यात काही तथ्य नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आठव्या महिन्यात आशाताई आल्या. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, डावी मूठ उघडत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि आम्हाला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, चुकवलेल्या तपासणीला आला असतात तर बहुधा तेव्हाच लक्षात आलं असतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण कौतुकाने म्हणतो. आमच्या पाळण्यातले पाय रोज दिसत होते, पण काय बघायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं.

तर काय बघायचं? पहिलं म्हणजे वय मोजायचं कसं. दहा आठवडे लवकर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की साडेतीन महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब ठेवायचा. त्यामुळे उगाच घाबरायला होत नाही, आणि खरी अडचण झाकलीही जात नाही. या हिशेबाने चार महिन्यांनंतरही मान धरत नसेल, मुठी घट्ट असतील, चेहऱ्याकडे नजर लागत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर थांबायचं नाही.

डोळ्यांच्या बाबतीत तर घड्याळच लावावं लागतं. दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायचा, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत. आजार गंभीर निघाला तर लेसर दोन-तीन दिवसांतच व्हावं लागतं. उशीर झाला तर दृष्टी परत येत नाही. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत.

उपचार म्हणजे काय, हेही सांगतो. बहुतेक वेळा औषध नसतंच. छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन पालथं ठेवणं, दोन्ही हात मध्ये आणून खेळवणं, समोर बसून आपल्याच बोलीत बोलणं. शिकवायला तज्ज्ञ, पण करायला घरचेच. मात्र धुरी नको, कानानाकात तेल नको, जोर लावून हातपाय वळवणं नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनाही आम्ही हे हात जोडून सांगितलं.

सरकारने 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तो आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरहून. अंगणवाडीत मुलं तपासायची, गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, उपचार मोफत, अशी त्याची रचना आहे. आशाताईंना आणि अंगणवाडीत आपणहून विचारा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात 1987 ते 1989 मध्ये जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या मुलांवर अठराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण पातळीत होती, पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा मात्र कमी. म्हणजे आशा खरी आहे आणि काळजीही खरी आहे.

आमचा नातू अडीच वर्षांचा असताना चालला. आजही उजव्या पायाचं पाऊल नीट पडतं, डाव्या पायाची टाच पूर्ण टेकत नाही. चुकलेल्या महिन्यांनी नेमकं किती नेलं, हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही ते विचारणं सोडलंय. काल आरतीला झांजा त्याच्याच हातात होत्या, डाव्या हाताची जरा मागून वाजत होती.

मंडळाकडे एकच मागणं. आपल्यापैकी कुणाच्या घरी असं बाळ आलं, तर पेढे मागायच्या आधी तपासणीच्या तारखा विचारा. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्या. गाडी असेल त्याने त्या दिवशी गाडी काढावी, वेळ असेल त्याने सोबत जावं. घाटातला रस्ता आपल्याला छोटा करता येणार नाही. पण त्या रस्त्यावर एकटं कुणी पडू नये, एवढं नक्की करता येईल.

गणपती बाप्पा मोरया!