जास्तीकडून कमीकडे



यंदाचा निधी किडनीच्या रुग्णांसाठी द्यायचं आम्ही जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच सभासदांनी विचारलं, ‘डायालिसिसमध्ये नेमकं करतात तरी काय?’ त्याचं निम्मं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. मनुका भिजत घातल्या की टम्म फुगतात. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी मीठ-साखर जास्त असलेल्या बाजूला आपणहून जातं. हे परासरण. छोटे कणही गर्दीतून मोकळ्या जागेकडे पसरतात. ते विसरण. फुप्फुसातला प्राणवायू रक्तात येतो तो असाच. त्यासाठी पेशीला शक्ती खर्चावी लागत नाही.

ग्लासगोत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली दाखवलं की विशिष्ट कागदाच्या पडद्यातून साखर पार होते, डिंक मात्र मागे राहतो. या क्रियेला ‘डायालिसिस’ हे नाव त्यांनीच दिलं. पुढे १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्यांतून रुग्णाचं रक्त फिरवलं. त्यांचं यंत्र १९४६ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आलं.

आजच्या यंत्रातही पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ द्राव असतो. युरिया पलीकडे जातो. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी, म्हणून अलीकडेच राहतात. शरीराला हवे ते क्षार द्रावात आधीच घातलेले असतात, म्हणजे ते रक्तातून निघून जात नाहीत.

पण या पसरण्याला वेळ लागतो. म्हणून रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून बसावं लागतं. निरोगी किडनी हे काम चोवीस तास करते आणि त्याखेरीज कितीतरी कामं करते. म्हणून ज्यांना ते शक्य आहे त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हाच जास्त चांगला मार्ग.

इथे आपला प्रश्न येतो. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह जास्त, त्यामुळे किडनीचे विकारही जास्त. अवयवदाते मात्र कमी. आणि चांगली जुळणारी किडनी आपल्याच समाजातून मिळण्याची शक्यता जास्त असते. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्रौढांची संमती कायद्याने गृहीत धरतात, तरी घरच्यांना विचारतातच.

तेव्हा मंडळी, देणगी सढळ हाताने द्याच. पण आज जेवताना घरच्यांना आपली इच्छाही सांगून ठेवा. पडद्यातून पाणी आपोआप जातं. मनातली गोष्ट मात्र बोलावीच लागते.