घरांचे ऊर्जा-तारांकन : बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा



फ्रिज खरेदी करताना ग्राहक त्यावरील तारे मोजतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली सुरू केलेल्या मानांकन योजनेने ही सवय लावली. मात्र आयुष्यभराची पुंजी घालून सदनिका घेताना तोच ग्राहक चटईक्षेत्र, दर आणि स्थानकापासूनचे अंतर विचारतो. छतातून किती उष्णता आत येईल, हे विचारत नाही. फ्रिज काही वर्षांनी बदलता येतो. घराची दिशा व भिंतींची जाडी मात्र इमारत उभी असेपर्यंत कायम राहते.

या उदासीनतेची दोन आर्थिक कारणे आहेत. पहिले कारण माहितीच्या विषमतेचे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवले, की मालाचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नसेल, तर तो दर्जासाठी जादा किंमत मोजत नाही. परिणामी चांगला मालच बाजारातून मागे हटतो. दुसरे कारण हितसंबंधांच्या विभागणीचे. उष्णतारोधक छताचा खर्च बांधकाम व्यावसायिकाने करावयाचा आणि विजेच्या बिलातील बचत रहिवाशाला मिळावयाची, अशी ही स्थिती आहे. घरमालक व भाडेकरू यांच्यातही तेच घडते. तारांकनामुळे न दिसणारा दर्जा दिसू लागतो आणि त्याला किंमत येते. म्हणूनच युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार घराची विक्री वा भाडेकरार होताना ऊर्जा प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली.

भारतात या विषयाचा पाया ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ ने घातला. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. २००७ ची इमारत संहिता व्यापारी इमारतींपुरती होती. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. छताच्या आतील व बाहेरील तापमानात एक अंश सेल्सिअस फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये, असा निकष तिने घातला. थंड प्रदेश वगळता इतरत्र भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट ठरवली. हवा खेळती राहावी म्हणून उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही हवामान विभागानुसार निश्चित केले. पाठोपाठ २०१९ मध्ये घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांचे ऐच्छिक मानांकन सुरू झाले. दर चौरस मीटरमागे वर्षाकाठी लागणारी वीज हा त्याचा आधार होय.

२०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा निवासी संकुलांपर्यंत नेली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी ही त्यासाठीची मर्यादा असून ती खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. तथापि बांधकाम परवानगी नगरपालिका, महानगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांच्या हाती असते. संहितेचे निकष स्थानिक बांधकाम नियमावलीत उतरल्याशिवाय ते प्रत्यक्ष भिंतीत उतरत नाहीत.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. कमी वीज वापरणारे घर नेहमीच कार्यक्षम असते काय? वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्या आणि केवळ पंख्यावर भागवणाऱ्या कुटुंबाचे बिल कमीच येते. ती बचत नव्हे. तो सोसलेला उन्हाळा आहे. बिलात न उमटणारी ही किंमत झोप, आरोग्य आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी यांतून वसूल होते. अशा घराचे मूल्यमापन प्रत्यक्ष वीजवापरावरून केल्यास गरिबीलाच तारे बहाल होतील. म्हणून इमारतीचे बाह्यकवच किती उष्णता अडवते, हे मोजणे भारतासारख्या देशात अधिक न्याय्य ठरते.

यापासून धोरणाची दिशा स्पष्ट होते. ऐच्छिक मानांकनाकडे प्रथम तेच व्यावसायिक वळतात, ज्यांची घरे मुळातच चांगली असतात. निकृष्ट घर उघडे पडायचे असेल, तर विक्रीच्या जाहिरातीत आणि करारात तारांकनाचा उल्लेख बंधनकारक करावा लागेल. शासकीय अर्थसाहाय्यातून उभ्या राहणाऱ्या घरकुलांना तर बाह्यकवचाचे निकष सर्वांत आधी लागू व्हावयास हवेत. कारण तेथील रहिवाशाला सदोष छतावर वातानुकूलन यंत्राचा उतारा परवडणारा नाही.