पोटखराब्यातली नागली
(हरसूल येथे भेटीस आलेल्या मंडळीच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



सकाळी येताना तुम्ही डोंगरउतारावर नागलीचे पट्टे पाहिलेत. गाडीतल्या एका ताईंनी शेतीचे कौतुकही केले. पण त्यातली बरीच जागा सरकारी कागदावर शेत नाहीच.

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे लिहितात आणि पोटखराबा वेगळा. मोजणीच्या वेळी खडकाळ, शेतीला अयोग्य ठरली ती जागा वर्ग अ. रस्ता, नाला, तळे अशा सार्वजनिक कामाची ती वर्ग ब. दोन्हींवर शेतसारा नाही. सवलत चांगलीच आहे. जिथे गवत वाढते, मोह उभा आहे, गुरे चरतात, ती जमीन मोकळी ठेवणाऱ्या गरिबाने कर का भरावा? (तसा आमच्याकडचा सारा इतका थोडा, की तो भरायला जाण्याचे जीपभाडे जास्त होते.)

पण आमच्या लोकांच्या आजा-पणजांनी यातली कितीतरी जागा दगड वेचून, बांध घालून पिकाखाली आणली. वर्ग अ जमीन कसायला मनाई नव्हती, फक्त तिच्यावर आकार बसत नव्हता. मीही वर्षानुवर्षे पाड्यांवर सांगत आलो, "राहू द्या खराबा, सारा वाचतो." धर्मशास्त्राच्या पदविकेत सातबारा कुठे शिकवतात!

मग एका पावसाळ्यात एका विधवा बहिणीचा बांध फुटला आणि उतारावरची नागली मातीसकट वाहून गेली. तिच्या सातबाऱ्यावर ४० आर लागवडीखाली आणि ६० आर पोटखराबा. पंचनाम्यात नुकसान धरले ते ४० आरातले. पीककर्ज, पीकविमा यांचा हिशेबही त्याच आकड्यावर. तिने मला विचारले, "दादा, सारा किती वाचला माझा?" मी खाली बघत राहिलो.

राज्य सरकारने २०१८ मध्ये नियम बदलला. वर्ग अ मधली जी जागा प्रत्यक्ष लागवडीखाली आली आहे, ती आता लागवडीयोग्य क्षेत्रात घेता येते. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, जागेची पाहणी होते, वरून आदेश आला की सातबाऱ्यावर नोंद होते आणि थोडा सारा लागतो. वर्ग ब ला हे लागू नाही.

सगळाच खराबा असा चढवावा का? मला तसे वाटत नाही. गवताचा उतार कर्जासाठी नांगरला, तर दोन पावसाळ्यांत माती ओहोळात जाईल. आमची जुनी माणसे वरकस जमिनीत काही वर्षे नागली, वरई घेत आणि मग ती सोडून देत. कागदावर तिला 'पड' म्हणतात. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तिला विसावा म्हटले आहे. जमीन कायमची विकू नये, हेही त्याच अध्यायात आहे.

विकण्यावरून आठवले. बाहेरचा माणूस येतो आणि म्हणतो, "खराबाच तो, सरकार सारासुद्धा घेत नाही, त्याची किंमत काय?" आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. जमीन महसूल संहितेतले कलम ३६-अ १९७४ पासून आहे आणि ते खराब्यालाही लागू आहे. नोटरीच्या कागदाने ते टळत नाही. हे मी प्रार्थनेनंतर दर महिन्याला सांगतो, तरी एखादा अंगठा उठतोच.

यंदा अकरा कुटुंबे अर्जाला तयार आहेत. पैशांपेक्षा मला माणूस हवा आहे. तुमच्या मंडळीत महसूल खात्यातून निवृत्त झालेले कोणी असेल, तर महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसावे. जुने उतारे वाचायला मी अजून अडखळतो.

जेवण झाल्यावर त्या बहिणीच्या शेतावर जाऊ. बांध तिने पुन्हा घातला आहे. वाट निसरडी आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली मोहाखाली थांबावे.