बोटीवरची झोप

आम्ही उलव्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्याकडे खाडी आहे, समोर अटल सेतू आहे. खाडीच्या चिखलात उतरून कालवं काढणं, मासळी सुकवणं, बाजारात नेऊन विकणं, ही कामं या किनाऱ्यावरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या केली. पण शीड लावून दर्यात जायचं ते पुरुषांनी. तांडेल म्हटला की बाप्याच डोळ्यांपुढे येतो.

म्हणून आज 'तारिणी'विषयी सांगतो. ही आपल्या नौदलाची 55 फुटी शिडाची नौका, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. 10 सप्टेंबर 2017 रोजी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी तिथेच परतल्या. 254 दिवस, 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40,000 किलोमीटर. कप्तान होत्या वर्तिका जोशी. त्यांना शिकवलं कॅप्टन दिलीप दोंदे यांनी. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, 2009-10 सालचे.

आम्हाला मात्र मैलांपेक्षा त्यांच्या संसाराची उत्सुकता जास्त. न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंड बेटांपर्यंत त्यांना 41 दिवस लागले. वाटेत केप हॉर्न, जिथे भले भले खलाशी गार होतात. एकेचाळीस दिवस दुकान नाही, बाजार नाही! आपण आगोटीची बेगमी करतो तशीच ही बेगमी, फक्त ठेवायला माळा नाही. पालेभाजी आधी संपते, कांदे-बटाटे टिकतात, मग डाळ-तांदूळ आणि डबे. अशा नौकेवर शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते, म्हणजे नौका कलंडली तरी भांडं सरळ राहतं. गोडं पाणी मोजून वापरायचं, भांडी खाऱ्या पाण्यात धुवायची. झोपायची फळी अरुंद, कुशीवरून पडू नये म्हणून बाजूला कापड ताणलेलं. वादळात वर डेकवर जायचं तर कमरेचा पट्टा नौकेला अडकवूनच.

आणि काम पाळीनं. (पाळी म्हणजे कामाची हो, हसू नका.) नौका रात्री थांबत नाही, त्यामुळे कोणीतरी सतत जागं लागतं. एकीची पाळी संपली की ती दुसरीला उठवते आणि स्वतः झोपते. ती झोपली म्हणून तिला आळशी म्हणत नाहीत. थकलेल्या माणसाच्या हाती सुकाणू दिलं तर सगळ्यांचाच जीव जाईल. म्हणजे झोपसुद्धा तिथे कामातच धरली जाते.

हे आमच्या गटात बोललो तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना. मग एकेक जण तास मोजू लागली. पहाटे पाण्यासाठी उठणं, डबे, मुलांची शाळा, कोणी विमानतळाच्या बाजूला कामावर जाते, रात्री सगळे जेवल्यावर ओटा पुसणं. सगळ्यांत आधी उठणारी आणि शेवटी झोपणारी तीच. तिला उठवून "आता तू झोप, मी बघतो" असं म्हणणारी पाळी घरात कोणाची? एक आजी म्हणाल्या, दुपारी पाठ टेकली तरी सासू भांडी वाजवायची. आम्ही हसलो, पण हसण्यात काय होतं ते आमचं आम्हाला माहीत.

तारिणीवरच पुढे दोघीच गेल्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या, 29 मे 2025 ला परतल्या. दोघींत पाळी म्हणजे एक झोपली की दुसरी एकटीच जागी. पॅसिफिकमध्ये पॉइंट निमो नावाची जागा त्यांनी ओलांडली. तिथून कुठल्याही दिशेला सगळ्यात जवळची जमीन 2,688 किलोमीटरवर. अशा ठिकाणी एकीने डोळे मिटायचे म्हणजे दुसरीवर केवढा भरवसा!

आणि 11 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईच्या गेटवेवरून, म्हणजे आमच्या समोरच्याच बंदरातून, 'त्रिवेणी' नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. भूदल, नौदल, हवाई दल मिळून दहा महिला अधिकारी. तांडेल लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत आपापल्या गटात एक कागद घ्या. त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या झोपेचे तास लिहा, नवऱ्याचे, मुलांचे, सासूबाईंचे आणि स्वतःचे. पुढच्या कार्यक्रमात ते आकडे वाचून दाखवू. नावं सांगणार नाही.