घरातला वनवास

पुंडलिक वरदे हाऽऽरि विठ्ठल!

मायबाप हो, पंढरी कुणी कुणी पाहिली? हात वर करा. बरं. मग सांगा, तिथं रखुमाई विठोबाच्या शेजारी उभी आहे का? नाही. विठोबाचा गाभारा वेगळा, रखुमाईचा वेगळा. तसबिरीत आपण दोघांना जवळ उभं केलं, पंढरीत तसं नाही. आई रुसून दिंडीरवनात आली, देव तिला शोधत आला, आणि पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता म्हणून विटेवर थांबला. दूर राहणं आणि वाट पाहणं देवाच्या घरालाही चुकलं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. मागच्या सालच्या सप्ताहात एक सूनबाई पाया पडायला आली. मालक फौजेत, काश्मिरात. म्हणाली, "महाराज, खोटं बोलणं पाप ना? मी रोज बोलते. त्यांचा फोन आला की सगळं बरं आहे म्हणते. पोराला ताप असला तरी बरं. मामंजी बांधीत घसरून पडले तरी बरं. मग फोन ठेवून चुलीपाशी रडते."

मी काय सांगितलं? "बाई, नाम घे, मन हलकं होईल." ती मान हलवून गेली. घरी येऊन आमच्या मंडळींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला रोवणीला बाया मिळत नाहीत, अन् तुम्ही नाम सांगून मोकळे! तुम्ही चातुर्मासाला चार-चार महिने पंढरपुरी राहायचे, तेव्हा मी दिवस कसे काढले ते विचारलं कधी?" मायबाप, चाळीस वर्षं कीर्तन करतो, पण त्या रात्री घास गिळला नाही.

मग ऊर्मिला आठवली. सीतामाई रामासंगं वनात गेली, तिचा वनवास जगानं गायला. लक्ष्मण भावामागं गेला, ऊर्मिला महालात राहिली. चौदा वर्षं! वाल्मीकींनी तिचं नाव घेतलं, पण त्या चौदा वर्षांचं काही सांगितलं नाही. हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी १९३१ साली 'साकेत' काव्य आणलं, तेव्हा तिच्या विरहाला अख्खा सर्ग मिळाला. आणि मांडवी? तिचा भरत नंदिग्रामात, अयोध्येपासून कोसभर, तरी घरी नाही. वनवास रानातच असतो असं नाही, मायबाप. घरातही असतो, आणि तो कुणाला दिसत नाही.

साताऱ्याकडं अपशिंगे गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परत आले नाहीत. त्यांची आठवण गाव ठेवतो, ठेवलीच पाहिजे. पण दारात उभ्या राहिलेल्या बायांचा हिशेब कुणी ठेवला? आजच्या जवानाला वर्षाची ६० दिवस सुट्टी, वर ३० दिवस कॅज्युअल. सगळी मिळाली तरी तीन महिने. उरलेले नऊ महिने घर, शेती, म्हातारे, लेकरं कोण सांभाळतं? ती.

म्हणून त्या सूनबाईला पुन्हा भेटलो. म्हटलं, "माझं चुकलं. नाम घेच, पण एक ऐक. संकट चालू असताना त्याला घाबरवू नको, पण संकट टळल्यावर सांग. पोराला ताप आला होता, आता उतरला, असं सांग. तो बापच आहे, पाहुणा नव्हे. त्याच्या वाट्याची काळजी त्याला दे. सुट्टीवर आला आणि लेकरू तुझ्या पदराआड लपलं, तर रागावू नको. दोन दिवस जाऊ दे."

अन् तुम्हाला सांगतो, गावकऱ्यांनो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाला खिशावर झेंडा लावता, चांगलं आहे. पण रोवणीच्या दिवसांत तिच्या बांधीत पाय घाला. तिच्या सासऱ्याला दवाखान्यात न्या. पुंडलिकानं आईबापाची सेवा केली तर देव थांबला. तुम्ही दुसऱ्याच्या आईबापाची केलीत तर देव तुमच्या गावात येईल.

यंदा भजनी मंडळाच्या बायांनी आधी तिची रोवणी केली, मग आपापली. काल ती समोर बसून टाळ्या वाजवत होती. त्यांचा फोन आला, म्हणे, "काय चाललंय?" ती म्हणाली, "कीर्तन. ऐका." आणि फोन वर धरला.

आज तिकडं त्या थंडीतही हा गजर पोचू द्या. बोला, पुंडलिक वरदे हाऽऽरि विठ्ठल!